चौथी कात

आमच्या तांड्यावर कोणी मोठ्यानं बोललं की सुखीबाई अंगावर धावून यायची. एरवी नाही, फक्त तिच्या शेडमधल्या अळ्या कातीला बसल्या की. रेशमाची अळी कात टाकण्याआधी खाणं सोडते, मान उंच करते आणि निपचित राहते. तेव्हा तिला हलवायचं नाही, पाला घालायचा नाही. मग डोक्यामागं जुनी कातडी फाटते आणि अळी तिच्यातून पुढं सरकत बाहेर येते. असं चार वेळा झालं की ती अधाशासारखी खाते आणि मग कोष विणायला लागते. स्वतःच्या बाळंतपणातही ही बाई इतकी जपली नसेल, असं आम्ही चिडवायचो. ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

जपायला कारण होतं. तिचा नवरा लालसिंग बाभुळगावच्या बाजूला लोकांच्या कापसावर फवारणी करायला जायचा. पाठीवर पंप, तोंडाला फडकं. वर्षभरापासून त्याचे हात थरथरत होते, डोळ्यांपुढं अंधारी यायची. माणूस हट्टी, दवाखान्याचं नाव काढलं की उठून चालता व्हायचा. शेवटी त्यानं एवढं कबूल केलं, की या खेपेचे कोष नीट निघाले तर पंप टांगून ठेवीन आणि तुझ्यासोबत तुतीत राबीन. सुखीबाईनं ते शब्द घट्ट धरून ठेवले.

भादव्यात ऊन कडक पडलं. तोडलेला तुतीचा पाला ओल्या कापडाखाली झाकावा लागतो, नाहीतर सुकतो. घरातल्या पोत्यांत खत आलेलं, म्हणून तिनं ती दूर सारली. आमच्या बाया जुनं कापड फेकत नाहीत; तुकड्याला तुकडा जोडून त्याची गोधडी होते, पिशवी होते. तिनं लालसिंगचे विरलेले सदरे सोड्यात उकळले, दगडावर आपटले आणि त्यांचंच झाकण शिवलं. वर कडेनं कवड्याही लावल्या. हौस दांडगी.

अळ्या चौथ्या कातीला बसल्या आणि सगळा तांडा कुजबुजत बोलू लागला. एका सकाळी ती शेडमध्ये गेली ती बाहेर येईना, म्हणून मी बघायला गेले. वरच्या रॅकवरच्या अळ्या नव्या कातडीत वळवळत होत्या. खालच्या रॅकवरच्या मात्र अर्ध्याच बाहेर आलेल्या. मागचं अंग जुन्या कातीत अडकून काळं पडलेलं. सुखीबाई एकेक अळी बोटानं हलवून बघत होती.

वरच्या रॅकला तिनं शेतातून आणल्या आणल्या पाला घातला होता, खालच्यांना झाकणाखालचा. हे ध्यानात आलं तशी ती उठली, झाकण पाण्यात बुडवून नाकाशी धरलं आणि मग माझ्या हातात दिलं. त्याला फवारणीच्या औषधाचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी लालसिंगनं पंप पाठीला लावला. अर्धी खेप गेल्यावर घर चालवायला दुसरं काय होतं! सुखीबाई ते झाकण घेऊन दारात आडवी उभी राहिली.

"नुसत्या पाल्याले लागली दवाई, तं अळ्या मेल्या," ती म्हणाली. "तुमी तं असेच सदरे आंगावर घालून फवारून राह्यले. जाऊ नका."

"त्या अळ्या होत्या," लालसिंग म्हणाला. "मी मानूस आहो."

ती बाजूला झाली. मला तेव्हा तिचा राग आला होता. पण चूल तिला पेटवायची होती, मला नाही.

दसऱ्याच्या आत लालसिंग कापसाच्या ओळीतच पडला. यवतमाळच्या दवाखान्यातून जिवंत परतला, पण नजर गेली ती गेलीच. पंप कायमचा सुटला. तिनं देवाजवळ तेवढंच मागितलं होतं, आणि असं मिळालं.

आता खेपा ती एकटीच काढते. पाल्यावर नवंकोरं मांजरपाट असतं. लालसिंग शेडच्या दाराशी बसतो आणि अळ्या कातीला बसल्या की तोच आम्हाला गप्प करतो. परवा त्यानं आत मान वळवून विचारलं, निघाल्या काय. सुखीबाई नुकतीच कात टाकलेली एक अळी पानासकट घेऊन आली आणि त्याच्या तळहातावर ठेवू लागली. त्यानं दोन्ही हात पाठीमागं नेले.

"मले नको देऊ," तो म्हणाला. "माह्या आंगातली दवाई बाधन तिले."