मोलकरणीला एकच वाक्य होतं

माझी बॅग मुग्धाने डायनिंग टेबलवर उलटी केली.

ट्रेनचं लीप कार्ड पडलं. दोन सॅनिटरी पॅड. लायब्ररीचं पुस्तक. भाडेकरूंच्या हक्कांची पत्रकं, रबर लावलेली. चिवड्याचा अर्धा पुडा, तो सांडला. भोवती चौदा माणसं. सगळी दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी पोशाखात, झालरी, हातमोजे, पिसं. मी एकटी पांढऱ्या एप्रनमध्ये.

"सगळ्यांच्याच बघतोय गं," मुग्धा म्हणाली. "पर्सनली घेऊ नकोस."

दुसरी एकही पर्स टेबलवर आली नाही.

हरवलं होतं मुग्धाच्या मैत्रिणीचं, वीणाताईंचं मंगळसूत्र. घर त्यांचं, आयर्लंडमधल्या मेनूथ गावातलं. त्यांच्या बॉक्स रूममध्ये मी भाड्याने राहत होते. खोलीत पलंग टाकला की दार अर्धंच उघडतं. युनिव्हर्सिटीत माझं संशोधन चालू आहे, आणि सकाळी ट्रेनच्या वेळेला मी स्टेशनबाहेर पत्रकं वाटते. 'तुम्हाला असं अचानक घराबाहेर काढता येत नाही.' लोकांना हे समजावून सांगते. मला मात्र काढता येत होतं. मालक त्याच घरात राहत असेल तर इथला कायदा तुम्हाला भाडेकरू मानत नाही, जवळजवळ पाहुणाच धरतो. पाहुण्याला केव्हाही दार दाखवता येतं. हे मला तोंडपाठ होतं, आणि रोज संध्याकाळी मी मान खाली घालून त्याच खोलीत परत जात होते. दुसरी मिळत नव्हती. एका खोलीसाठी रांग रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत जाते.

राहायला आले त्या दिवशी वीणाताईंनी विचारलं, "नागपूरला कुठे?"

"इंदोरा."

त्यांचा कप ओठांपाशी थांबला. इंदोरा म्हटलं की आपल्या लोकांना जात कळते, पुढे विचारावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी माझे डबे किचनमधल्या वरच्या प्रेसमधून, म्हणजे कपाटातून, सगळ्यात खालच्या प्रेसमध्ये गेले. ब्लीचच्या बाटलीशेजारी. "तुलाच हाताशी पडेल," त्या म्हणाल्या. मी "ग्रँड" म्हटलं. इथे सगळ्यालाच ग्रँड म्हणतात.

त्यांच्या चाळिसाव्या वाढदिवसाला रीजन्सी, म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी थाटाची, पार्टी ठरली. सगळ्यांनी भूमिका घेऊन खेळायचा रहस्याचा खेळ. तो मी लिहिला, मराठीत, तीन आठवडे खपून. त्या काळात घडणाऱ्या रहस्यकथा मी अधाशासारख्या वाचते. त्यात एक मिस असते. तिशी उलटलेली, लग्न न केलेली. एकटी राहते, एकटी फिरते, उमरावांना तोंडावर प्रश्न विचारते आणि खुनी शोधून काढते. इथल्याच किल्डेअर जिल्ह्यातला एक मोठा बंगला, चोरीला गेलेला हार, आणि ही मिस. मी तिला माझ्यासाठी लिहिलं होतं. मीही एकतीस वर्षांची, बिनलग्नाची.

भूमिका वाटताना वीणाताईंनी माझ्या हातात एप्रन दिला.

"लिहिलंस मस्त. पण बर्थडे माझा, मिस मी होणार. तू मोलकरीण कर ना. तसंही चहा-नाश्त्याचं कुणीतरी बघायला हवंच. आणि तुला सूट होईल."

सगळे हसले. मीही हसले.

एक कबूल करते. त्या मोलकरणीला मी नावसुद्धा दिलं नव्हतं. तिला एकच वाक्य होतं, "होय बाईसाहेब." ते माझ्याच हाताने लिहिलेलं.

दुपारी वीणाताईंनी मला वर बोलावलं. जिन्याशी हॉट प्रेस आहे, गरम पाण्याच्या टाकीचं कपाट. टॉवेल, धुतलेले कपडे तिथे उबेला ठेवतात. त्यांचा गाऊनही तिथेच होता. मी पाठीचे हुक लावत होते. गळा मोठा होता. त्यांनी मंगळसूत्र काढलं. "यावर काळे मणी कसेतरीच दिसतात." ते टॉवेलांखाली सरकवलं आणि म्हणाल्या, "आईंना बोलू नकोस हं."

आई म्हणजे त्यांच्या सासूबाई. सांगलीहून तीन महिन्यांसाठी आलेल्या.

"होय बाईसाहेब," मी म्हटलं. दोघी हसलो. त्या घरात आम्ही एकत्र हसलो ते तेवढंच.

चहाच्या वेळी आईंची नजर गेली. "सूनबाई, गळा बोडका का गं?"

वीणाताईंचा हात गळ्याशी गेला. "अगंबाई. आत्ता तर होतं."

म्हणाल्या आईंना. बघत होत्या माझ्याकडे.

"आत्ता व्हतं तर ग्येलं कुटं?"

मुग्धाने विचारलं, "बाहेरचं कोण आहे इथे?"

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. मग बॅग उलटी झाली.

मी वाट बघत होते. आता बोलतील. आता बोलतील. वीणाताई टेबलावरचा सांडलेला चिवडा बोटाने गोळा करत होत्या.

बॅगेत काही नाही म्हटल्यावर मुग्धा म्हणाली, "तिची रूमपण बघून घेऊ."

तेव्हा कुठे वीणाताई हलल्या. मला किचनमध्ये नेलं, दार लावलं.

"वर जा, घेऊन ये. सोफ्याखाली सापडलं म्हण. विषय संपेल."

"तुम्ही सांगा ना."

"तुला काय जातंय? या बाई मला तीन महिने जगू देणार नाहीत. तुला नवरा नाही, सासू नाही. तुला नाही कळणार." मग आवाज खाली आणून, "रूम हवीये ना तुला?"

मी वर गेले. टॉवेलांखाली हात घातला. टाकीच्या उबेने मणी गरम झाले होते. घेऊन खाली गेले तर चोरून परत करणारी. इथेच ठेवलं तर चोरून लपवणारी. कुठूनही चोर मीच.

आणि त्या कपाटासमोर मला माझी मिस कळली. ती प्रश्न विचारते, कारण घर तिचं असतं. कुणीतरी आत्या ते तिच्या नावावर करून गेलेली असते. तिला कुणी दार दाखवू शकत नाही. याला मी इतकी वर्षं हिंमत म्हणत होते. हुक लावणारी, चहा देणारी, हार कुठे ठेवला ते डोळ्यांनी बघणारी त्याच घरात उभी असते. तिला कुणी विचारत नाही. मीसुद्धा विचारलं नव्हतं.

मंगळसूत्र होतं तिथेच ठेवलं. रिकाम्या हाताने खाली आले. माझ्या खेळात शेवटी मिस जिथे उभी राहते, तिथे फायरप्लेसपुढे उभी राहिले. एप्रन तसाच.

"वीणाताई, तुमच्या गाऊनचे हुक कुणी लावले?"

"हे काय आता?"

"कुणी लावले?"

"तू."

"तेव्हा गळ्यात काय होतं?"

त्यांचा हात पुन्हा गळ्याशी गेला.

"आई, वर हॉट प्रेसमध्ये, दुसऱ्या खणात, टॉवेलांखाली. यांनी स्वतः काढून ठेवलंय, माझ्यादेखत. मी आणणार नाही. तुमच्यापैकी कुणीही जा."

आई गेल्या. गुडघ्यावर हात ठेवत, एकेक पायरी. आल्या तेव्हा मूठ बंद होती. "पोरीला उगं..." एवढंच म्हणाल्या. सुनेच्या पाहुण्यांकडे बघितलं आणि थांबल्या.

"मिळालं ना? ग्रँड," मुग्धा म्हणाली. "केक कापू या."

माफी कुणी मागितली नाही. टेबलावरची एक वस्तू कुणी उचलून दिली नाही. मीच भरली बॅग. सावकाश. पॅड सगळ्यांत शेवटी, त्यांच्या डोळ्यांसमोर.

सकाळी मेसेज आला, भिंतीपलीकडच्या बेडरूममधून. 'रूम आम्हाला लागणार आहे. रविवारपर्यंत बघ.' कायद्याने बरोबर.

आई फोनवर म्हणाली, "कायले बोलली? चूप राहाले पाहिजे होतं. छत तं होतं डोक्यावर." माझी आई. वीस वर्षं लोकांच्या घरची भांडी घासलेली. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

आता मैत्रिणीच्या खोलीत जमिनीवर झोपते. सूटकेस उघडायला जागा नाही, ती उभीच असते. पण नवं पत्रक लिहिलंय, मालकाच्या घरात राहणाऱ्या आणि कायद्यात कुठेच नसणाऱ्या आम्हा लोकांसाठी. बॅगेची हकिकत त्यात आहे. पॅडसकट. भाडेकरूंच्या चळवळीतले म्हणाले, एवढं खासगी कशाला? म्हटलं, चौदा जणांनी बघितलंय, खासगी कुठे राहिलं?

वीणाताई रोज सकाळच्या ट्रेनने डब्लिनमधल्या ग्रँड कॅनाल डॉकला ऑफिसला जातात. पहिल्या दिवशी स्टेशनबाहेर मला बघून त्यांनी फोन कानाला लावला. मी पत्रक पुढे केलं. घेतलं नाही. उद्याही पुढे करणार आहे. परवाही.

त्या पत्रकाची पहिली ओळ मोठ्या अक्षरात आहे. माझी बॅग उघडायची असेल तर टेबलावर आधी तुमची ठेवा.