माझा शुक्रवार

‘‘स्पुटम पॉझिटिव्ह आहे, काकू,’’ संगमनेरच्या दवाखान्यातल्या डॉक्टर म्हणाल्या. स्पुटम म्हणजे खोकल्यातून पडणारा बेडका. माझ्या बेडक्यात टीबीचे जंतू सापडले होते. महिनाभराचा खोकला, संध्याकाळची कणकण, उतरलेलं वजन, सगळ्याचा उलगडा एका कागदावर झाला. ‘‘भांडी वेगळी करू नका,’’ डॉक्टरांनी आमच्या मालकांना बजावलं. ‘‘भांड्यांतून हा पसरत नाही. तोंडाला रुमाल, खिडक्या उघड्या, आणि सहा महिने एकही गोळी चुकवायची नाही.’’

मालकांनी घरी येऊन शब्द न् शब्द सांगितला. थोरल्या जाऊबाईंनी ऐकून घेतला आणि दुसऱ्या दिवशी माझ्या पेल्याला नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. पेला ओट्यावरून उचलून खिडकीत ठेवला.

ते मी गिळलं असतं. शुक्रवार मात्र नाही.

आमच्या मळ्यातल्या वस्तीवर लक्ष्मीआईचं ठाणं आहे. चार दगड, शेंदूर, वर पत्रा. वस्तीतल्या सात बायकांना सात वार वाटून दिलेत. ज्या बाईचा वार, तिनं आईला हंडाभर पाणी घालायचं. जाऊबाईंचा सोमवार, माझा शुक्रवार. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी दिला होता. वीस वर्षं मी ते काम नुसतं उरकलं. डेअरीला दूध घालायची घाई असायची, आणि माझा जीव संगमनेरात फ्लॅट घेऊन राहण्यावर. वस्तीत मन कधी रमलंच नव्हतं.

त्या शुक्रवारी हंडा उचलला तर जाऊबाई दारात आडव्या. ‘‘तुज्या वाराचं पानी आता मी घालीन. देवाला रोग लावती का?’’

बाकीच्या बायका माना खाली घालून उभ्या. तेव्हाच मी ठरवलं, हिच्याच हातून हा वार परत घेईन.

गोळ्या सुरू झाल्या. लघवी नारिंगी होते, सांधे धरतात. डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं म्हणून मी घाबरले नाही, तुम्हीही घाबरू नका. मग उलट्या लागल्या, डोळे पिवळे वाटले म्हणून एलएफटी केली. एलएफटी म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी. रिपोर्ट येईस्तोवर तीन तास बाकड्यावर बसले होते, आणि डोक्यात एकच, मी मेले तर शुक्रवार तिच्याकडंच राहील. रिपोर्ट ठीक निघाला. लोक देवाचं नाव घेऊन गोळ्या गिळतात, मी जावेचं नाव घेऊन गिळल्या.

लेकीनं नाशिकला बोलावलं. मी गेले नाही. दर शुक्रवारी अंघोळ करून अंगणाच्या कोपऱ्यात जायचे. तिथून ठाण्याचा पत्रा दिसतो. तांब्याभर पाणी मातीत सोडायचे आणि म्हणायचे, ‘‘आये, हितूनच घे.’’ पाणी मुरेपर्यंत उभी राहायचे. वीस वर्षांत कळलं नाही ते तिथं कळलं. मी या मातीतली आहे, माझी देवी इथंच आहे, आणि तिला सांभाळणं हे माझं काम आहे. राग तेवढा गेला नाही. मी जाऊही दिला नाही.

सहाव्या महिन्यात स्पुटम निगेटिव्ह आलं. ‘‘बऱ्या झालात,’’ डॉक्टर म्हणाल्या. ‘‘वस्तीत कुणाला खोकला दिसला तर घेऊन या.’’ घरी आल्यावर मी शुक्रवार मागितला. बाई म्हणाल्या, ‘‘येवढ्यात नगं. वरीसभर जाऊ दी.’’

वर्ष व्हायच्या आत बाई खोकायला लागल्या. भिंतीपलीकडून तो खोकला मी ओळखला. तीन आठवडे त्यांनी लपवला. शेवटी मीच त्यांना दवाखान्यात नेलं. तेच टेबल, त्याच डॉक्टर, तेच शब्द, स्पुटम पॉझिटिव्ह. खोटं कशाला बोलू, माझा जीव गार झाला.

सरकारी दवाखान्यातर्फे वस्तीवर येणाऱ्या आशाताईंनी त्यांच्या गोळ्या माझ्या ताब्यात दिल्या. रोज माझ्यासमोर घ्यायच्या. मग आल्या त्याच बायका, माना खाली घालणाऱ्या. ‘‘सुमन, आता तिचा सोमवार बी तूच घे.’’

सोमवारी सकाळी मी हंडा भरून बाईंच्या खोलीच्या दारात गेले. ‘‘चला, तुमचा वार हाय.’’

‘‘मला नगं. बाया काय म्हनतील?’’

‘‘डॉक्टर काय म्हनल्या ते तवा तुमी ऐकलं न्हाई. आता ऐका. तोंडाला पदर लावा आन् चला.’’

ठाण्यापाशी सगळ्या बायकांसमोर मी तो हंडा त्यांच्या हातात दिला. निम्मं पाणी त्यांच्या पायांवरच सांडलं. उरलेलं त्यांनी आईला घातलं. माझ्याकडं न बघता त्या म्हणाल्या, ‘‘शुक्रवार तुजा घे.’’

‘‘घेतला,’’ मी म्हणाले.

यापेक्षा मोठा सूड मला सुचला नाही. आता दर सोमवारी त्यांना आठवणार, हा वार सुमननं ठेवला म्हणून राहिला.

त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. आणि तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर गोळी चुकवू नका. कुणाचं तरी नाव घ्या, देवाचं नसलं तरी चालतं.

बाई रोज सकाळी नऊला गोळी घ्यायला येतात. पाणी मी खिडकीतल्या त्या पेल्यातूनच देते. आधी एक घोट मी घेते, मग त्यांच्यापुढं करते. ठिपका अजून काढलेला नाही.