लालबागचा आवाज आणि भाचीची गोल्फ फायनल

‘यायचं तर या, पण तोंड बंद ठेवायचं,’ अशी भाचीची, सईची अट होती. जुन्या क्लबच्या मैदानावर महिला गोल्फची मानाची स्पर्धा, आणि लालबागची आमची पोरगी फायनलला! गप्प बसणं आमच्या चाळीत आजारपणाचं लक्षण समजतात. तरी घरचे सगळे गेलो.

जाणाऱ्यांसाठी: चिंचपोकळीच्या पुलावरून टॅक्सी, दीडशेच्या आत. प्रवेश फुकट. टोपी न्या. कॅन्टीनचं सँडविच लांबूनच बघा. आम्ही घरचे घावणे नेले होते.

आत शिरलो आणि माझ्या जिभेला काही कामच उरलं नाही. शंभरी उलटलेलं मैदान, जुन्या झाडांच्या लांब सावल्या, पाय ठेवायला संकोच वाटावा असं गवत. मुंबईत एवढी मोकळी जागा टॉवरवाल्यांच्या नजरेतून सुटली, यालाच खरं तर कप द्यायला हवा.

‘हयसर अख्खा लालबाग मावात,’ सईचे वडील, आमचे भावोजी, पुटपुटले.

‘आणि उद्या वर्गणी मागायला येईल,’ मी म्हणालो.

खेळ सोपा: कमी फटक्यांत एकेक भोक जिंकत जायचं. शेवटच्या भोकाला दोघी बरोबरीत. सईचा चेंडू भोकाला जवळजवळ टेकलेला. समोरच्या मुलीचा हातभर लांब. तिचा हा फटका चुकला की सई चॅम्पियन. भावोजींना राहवेना. हात जोडून त्यांनी हळूच गाऱ्हाणं सुरू केलं, ‘बा देवा म्हाराजा, पोरीक यश दी रे म्हाराजा...’

आता गाऱ्हाणं कानावर पडल्यावर मालवणी माणूस गप्प कसा राहणार?

‘व्हय म्हाराजा!’ आम्ही सगळे एका सुरात गरजलो.

फटका मारता मारता त्या मुलीचा हात हलला. चेंडू भोकाच्या कडेने निघून गेला.

सईने आमच्याकडे एकदाच पाहिलं. मग त्या मुलीपाशी जाऊन म्हणाली, ‘हे भोक बरोबरीत धरू या. ओरडले ते माझ्या घरचे.’ नियमात ते बसतं म्हणे. दोघी आणखी एक भोक खेळल्या. सई हरली.

या सदरात लोकांच्या चुका काढून मी पोट भरतो. त्या दिवशी सईत काढायला एकही सापडली नाही.

टॅक्सीत भावोजी म्हणाले, ‘माझ्यामुळे कप गेलो गो, बाय.’

‘बाबा, घावणे उरलेत का?’

दिवेलागणीला भावोजी देवापुढे उभे राहिले. ‘पुढच्या वर्षी पोरीक यश दी, आणि आमका गप रवाची बुद्धी दी रे म्हाराजा!’

घरात कुणाचा ब्र निघेना. शेवटी स्वयंपाकघरातून सईच ओरडली, ‘व्हय म्हाराजा!’