भीतीचा पुरावा

आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या सुमनने कठडा इतका घट्ट धरला होता, की तिची बोटं पांढरी पडली होती. सुमन माझी शेजारीण. बहिणीचा गळा आवळणाऱ्या मेव्हण्याच्या डोक्यात तिने वरवंटा घातला आणि तो दगावला. बहिणीला वाचवण्यासाठीच मारलं, हे तिला आता सिद्ध करायचं होतं. बहिणीची साक्ष घरचीच म्हणून तिच्या वकिलांनी मलाही बोलावलं होतं.

मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जाऊन उभी राहिले. गळ्यावरचे वळ फोटोत येतात, वरवंटा पंचनाम्यात येतो. पण त्या क्षणी वाटलेली भीती कोणाला आणि कशी दाखवायची? उद्या माझ्यावर अशी वेळ आली, तर माझं तरी कोण खरं मानेल?

सरकारी वकिलांनी विचारलं, "बाई, तुम्ही तर भिंतीपलीकडे होतात. बहिणीच्या जिवाला धोका होता, हे कशावरून म्हणता?"

"तिच्या किंकाळ्या ऐकल्या, साहेब. भर दुपारी, माझ्याच घरात मी इतकी घाबरले, की दाराची कडी काढायला हात उचलला गेला नाही."

ते लिहून घेतलं गेलं.

पुढे सुमन निर्दोष सुटली. निकालाच्या दिवशी ती व्हरांड्यात माझ्याजवळ आली. मला वाटलं, हात धरून रडेल.

"म्हणजे ताई, तुम्हाला सगळं ऐकू येत होतं," एवढंच ती म्हणाली.