जास्तीची फेरी

उद्योगताई ज्या उंबऱ्यात पाय ठेवते तिथला धंदा वर्षभरात बसतो, असं आसपासच्या गावांतून बोललं जातं. साबणवाल्यांचं काय झालं? मेणबत्त्यांचं काय झालं? खुर्च्या विणणाऱ्या दोघा भावांनी तर म्हणे तिची स्कूटर लांबून ऐकली आणि आतून कडी घातली.

कडीचं तेवढं खरं आहे. बाकी सगळं उलटं. छोट्या धंद्यांना हात देणारं तिचं ऑफिस तिला पाठवतंच मुळी बसलेल्या धंद्यांकडे. उभे असलेले धंदे साहेब स्वतः बघतात, तिथे फोटो चांगले येतात. डॉक्टरला शेवटच्या घटकेला बोलवायचं आणि मग म्हणायचं, "हा आला आणि म्हातारा गेला!" साबणवाल्यांकडे ती पोचली तेव्हा कढईसुद्धा विकून झाली होती.

ही उद्योगताई म्हणजे माझी मावशी. एकोणीस वर्षं हेच करते आहे. तिचे गुडघे स्कूटरच्या आधी कुरकुरतात. घरी आली की चप्पल न काढताच पलंगाच्या कडेवर बसते आणि बराच वेळ समोर बघत राहते. "काय बघतेस?" विचारलं तर म्हणते, "भिंत. ही मला काही विचारत नाही."

यंदा तिच्या वाट्याला दोर वळणाऱ्या तीन जावा आल्या. पत्र्याची एक शेड, ऑफिसने वापरायला दिलेलं पीळ घालायचं चाक आणि शहरातल्या एका दुकानदाराची मागणी: वीस भेंडोळी, प्रत्येकी पन्नास मीटर, एकेका खोक्यात एकेक. पहिली वीसच्या वीस परत आली. कमी भरली म्हणून नव्हे, जास्त भरली म्हणून.

झालं होतं असं, की जावा वावेने मोजत. दोन्ही हात ताणले की एक वाव. थोरली दाराच्या चौकटीएवढी, धाकटी तिच्या खांद्यालाही लागत नाही; तिघींच्या तीन वावा. त्यावर थोरलीचा नेम. कापायच्या आधी एक वाव जास्तीची सोडायची. सासऱ्यांनी शिकवलेलं. "नेमकं मोजून द्यायला आपण काय औषधं विकतो?"

खोकी बंदच होईनात.

"जास्त दिलं म्हणून माल परत?" थोरलीने कमरेवर हात ठेवले. "तो माणूस बरा आहे ना?"

"माणूस बरा आहे, वहिनी. खोका लहान आहे."

"मग खोका मोठा घे म्हणावं मेल्याला!"

धाकटी तोंडात पदर कोंबून हसली. मावशीलाही हसू आलं असतं, पण सकाळीच साहेबांनी बोलावून घेतलं होतं. साहेब प्रत्येक वाक्याला 'काय आहे' लावतात, म्हणजे काय आहे ते शेवटपर्यंत कळत नाही. "म्हणजे काय आहे, ताई, आणखी एक संधी देऊ. शुक्रवारी दुकानदाराचा माणूस येईल. नाहीतर मग, काय आहे, चाक दुसऱ्या गावाला हलवू." चाक गेलं की शेड गेली, आणि तिन्ही जावा पुन्हा दुसऱ्यांच्या बांधावर. मधलीने तर तिकडचं खुरपं देऊनही टाकलं होतं.

मावशीने भिंतीत पाच मीटरच्या अंतरावर दोन खिळे ठोकले. या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत एक फेरी. दहा फेऱ्या, कापा, विषय संपला. मधली आणि धाकटी पीळ घालणार, मोजणं-कापणं थोरलीकडे.

"...आठ, नऊ, दहा," थोरली मोजायची, "आणि हा गिऱ्हाइकाचा." अकरावी फेरी. मग कात्री.

"वहिनी, दहा."

"दहाच केले. अकरावा मोजलाय कुठे मी?"

तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी मावशीचा आवाजच बसला. थोरलीला तिची दया आली. तिने मावशीचे दोन्ही हात धरले आणि सांगितलं, "गळ्याशपथ ताई, परवा दहा म्हणजे दहा."

त्या संध्याकाळी घरी पैज लागली. मी म्हटलं, आता थोरली जास्तीचा देणार नाही, एवढी शपथ घेतली आहे. मावशी भिंतीकडे बघत म्हणाली, "देणार." हरेल त्याने महिनाभर स्कूटर धुवायची.

"अगं, पण तू जिंकलीस तर चाक जाईल!"

"लावतेस की नाही ते सांग."

लावली.

शुक्रवारी मावशी शेडवर सगळ्यांच्या आधी पोचली. एक खिळा उपटला, हातभर अलीकडे ठोकला, जुनं भोक ओल्या मातीने बुजवलं. आता दहा फेऱ्यांत काही पन्नास मीटर होणार नव्हते. अकरा फेऱ्यांत होणार होते. खरोखर शपथ पाळली गेली असती तर वीसच्या वीस भेंडोळी आखूड पडली असती. हातोडी पिशवीत टाकून मावशी पोत्यावर बसली.

थोरली आली. भिंतीकडे बघून थबकली. "खिळा सरकलाय का हो?"

"भिंत सरकली असेल. मोजा."

"...आठ, नऊ, दहा." थोरली थांबली. कात्री उचलली. मावशीकडे पाहिलं; मावशीने डोळे मिटून घेतले होते. शेडमध्ये नुसतं चाक करकरत होतं.

"मरो ती शपथ," थोरली पुटपुटली. "आणि हा गिऱ्हाइकाचा."

वीसही वेळा.

दुपारी दुकानदाराचा माणूस आला. त्याने कुठलीही चार भेंडोळी उचलून टेप लावली. पन्नास, पन्नास, पन्नास आणि पन्नासला बोटभर वर. खोकी बंद झाली. दर महिन्याला एवढाच माल पाठवा, असं सांगून तो गेला.

"बघा!" थोरलीने मावशीच्या पाठीत अशी थाप मारली की तिचा चष्मा घसरला. "एक जास्तीचा दिला म्हणून खूश झाला माणूस. तुम्ही आपल्या दहा-दहा करत बसला होतात!"

"चुकलंच माझं," मावशी म्हणाली. खरं काय ते कधीतरी सांगावं लागणार होतं. आज नाही. आज घरी जायचं होतं.

स्कूटरच्या मागच्या मडगार्डखाली किती गावांची माती असते ते मला आता माहीत झालंय. अजून अठरा दिवस उरलेत.