झुलणारी शेगडी

मेक्सिकोच्या किनाऱ्यालगत आमची शिडाची बोट सकाळपासून शीड उतरवून, समोरच्या वाऱ्यात इंजिनाच्या जोरावर नाकासमोर जात होती. पुढची खाडी उजेडात गाठली नाही, तर खडकांमधून आत शिरता येणार नव्हतं. शिरीषला, माझ्या नवऱ्याला, मागच्या बंदरात परतायचं होतं. मला मुळीच नव्हतं. म्हणून मी चहा टाकला.

बोटीतली शेगडी पाळण्यासारखी टांगलेली असते. तिचं झुलणं बघून शिरीषला मळमळलं आणि त्यानं खिटी लावून ती घट्ट बसवली. पुढच्याच लाटेला चहानं आल्यासकट त्याच्या पायांवर लोटांगण घातलं.

"आई गं! आता तरी मागे फिरूया, बाई!"

"चहा न पिता माघार? आमच्या माहेरी अशी पद्धत नाही."

मी खिटी काढली, नवा चहा ठेवला आणि बघतच राहिले. झुलत होतो ते आम्ही! भिंती, फळ्या, शिरीषचं चिडकं नाक, सगळं तिरकं. पातेल्यातला चहा तेवढा क्षितिजासारखा सपाट, थेंबही न सांडता उकळत होता. ठाम राहायचं म्हणजे ताठ राहायचं, असं आपण उगाच समजतो. ठाम माणसाच्या सांध्यांतही थोडी सैल जागा असावी लागते.

शिरीषनं घोट घेतला, झुलत्या शेगडीकडे आणि मग लाटांकडे पाहिलं.

"शीड चढवू. थोडं तिरकं जाऊ, मग उलट बाजूनं तिरकं; लाटांवर सरळ आपटत राहण्यापेक्षा लवकर पोचू. पण खाडी आजच गाठायची."

"हेच म्हणत होते मी," असं बेधडक सांगून मी दोरीला हात घातला.