आधी जर्सी, मग बाराबंदी

“एकदा देशाची जर्सी अंगात पडू दे, अप्पा. मग बाराबंदी घालतो.”

गुरुशांत हे एकोणिसाव्या वर्षी बोलला. शुक्रवार पेठेतल्या घरात, दारातच, खांद्याला बुटांची पिशवी अडकवून. समोर त्याचे वडील शिवानंद उभे होते. त्यांच्या हातावर धुऊन घडी केलेली पांढरी बाराबंदी होती. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज निघतात. नंदीध्वजाची उंच, जड काठी, अंगात हा बंदांचा अंगरखा घालून, कमरेच्या पट्ट्यावर तोलून चालवायला त्यांच्या घरातून पिढ्यान्‌पिढ्या एक माणूस जात होता. त्या वर्षी मुलाने जायचे ठरले होते. मुलगा गोव्याच्या गाडीत बसला.

खरे तर फुटबॉल त्याला काठीनेच शिकवला होता. लहानपणी शिवानंदअप्पा त्याच्या कमरेला पट्टा बांधत, त्यावर साधा बांबू टेकवत आणि म्हणत, “खाली बघायचं न्हाय. टोकाकडं बघ. रस्ता पायांना कळतोय की.” खाली बघितले की बांबू पडायचा. मग पोरगे वर बघत अंगणात चालायला शिकले.

सात रस्त्याजवळ फळांची गाडी लावणारे बागवान मास्तर सकाळी मैदानात पोरांना खेळवत. त्यांनी पहिल्याच दिवशी पाहिले की या पोराला कुणी पाडू शकत नाही. ते ओरडले, “अरे, तुम चार मिल के एक पोट्ट्याकू हिला नै सकते? घरमें खाना नै मिलता क्या?” नंतर त्याला जवळ बोलावून विचारले, “बॉलकू देखे बगैर खेलता तू. किसने सिखाया रे?”

“काठीनं,” पोरगे म्हणाले.

मास्तर हसले नाहीत. त्यांनी त्याला एक सोललेले मोसंबे दिले.

पुढे गोवा, कोलकाता, केरळ. मधल्या फळीत तो मान वर ठेवून उभा राहायचा आणि सगळे मैदान त्याला दिसायचे. फुटबॉलचा हंगाम हिवाळ्यात, यात्राही हिवाळ्यात. दर संक्रांतीला आई चन्नम्मा फोनवर विचारायची, “औंदा येतोस का रे?” आणि तो म्हणायचा, “पुढच्या वर्षी, अव्वा.” भारताच्या संघाची यादी निघायची. कधी त्याच्या जागेवर त्याच्याहून उंच खेळाडू असायचा, कधी त्याच्याहून तरुण. अप्पा त्याच्याऐवजी काठी पेलत राहिले. त्यांची दाढी पांढरी झाली. लाकडी पेटीतली त्याची बाराबंदी घड्यांवर पिवळी पडत गेली.

तिशी ओलांडल्यावर एका सामन्यात त्याच्या जांघेचा स्नायू फाटला. तो भरून आला, पण तेव्हापासून पाऊल टाकताना तो पायाकडे बघू लागला. त्याचे त्यालाही कळले नव्हते.

मग, क्लबसुद्धा पुढचा करार करायला कां कूं करत असताना, गेल्या दिवाळीनंतर भारताच्या शिबिराचे बोलावणे आले. पेठेत पेढे वाटले गेले. चौतिसाव्या वर्षी! शिबिरातली पोरे त्याला “भैया” म्हणत आणि त्याच्या पायातून चेंडू काढून नेत. शेवटच्या दिवशी प्रशिक्षक म्हणाले, “तुझे जुने सामने पाहून बोलावलं होतं. तेव्हा मान वर असायची.” थोडे थांबून म्हणाले, “घरी जा, पण तयारीत राहा. कुणी जखमी झालं तर फोन येईल.”

तो घरी आला. अप्पांच्या हृदयाची शस्त्रक्रिया होऊन महिना झाला होता. डॉक्टरांनी पाण्याची बादलीही उचलू नका म्हणून सांगितले होते. अंगणात काठीचा सराव सुरू होता. गुरुशांत ओट्यावर बसून मांडीवरच्या फोनकडे बघायचा.

काठीवाल्यांतला मंजुनाथ म्हणाला, “काका, तुमच्या घरचं कोण हाय औंदा? न्हायतर माझा भाऊ उभा ऱ्हातोय.”

“बघू की,” अप्पा म्हणाले.

“किती बघताव? तुमचा पोरगा तर फोनच पेलतोय.”

सगळे हसले. गुरुशांतही हसला.

दोन दिवसांनी संध्याकाळी, सराव चालू असतानाच बातमी आली. संघातला एक जण खरेच जखमी झाला होता. त्याच्या जागी एकवीस वर्षांच्या मुलाला बोलावले होते. गुरुशांतने ते वाचले आणि फोन ओट्यावर पालथा ठेवला.

ते बघून चन्नम्मा आत गेली. पेटी उघडल्याचा आवाज आला. ती बाराबंदी घेऊन बाहेर आली आणि तिने ती अप्पांच्या हातात दिली.

“जर्सी न्हाय तर न्हाय,” अप्पा म्हणाले. “ही हाय की. ऊठ.”

तो उठला. आईने बंद बांधले. छातीवर ते जेमतेम पुरले. मंजुनाथने स्वतःचा पट्टा सोडून त्याच्या कमरेला आवळला. चौघांनी काठी उचलून त्यावर टेकवली आणि हळूहळू हात काढून घेतले.

काठी उभी राहिली. क्षणभर सगळ्यांना जुना गुरुशांत दिसला. चन्नम्माने हात जोडले.

मग त्याने पाऊल उचलले, आणि त्याची नजर पायाकडे गेली.

“वर बघ,” अप्पा म्हणाले.

त्याने मान उचलली. दुसरे पाऊल पडताना ती पुन्हा खाली आली.

“वर, गुरु. वर बघ की रे!”

काठी कलली. चौघांनी धावत येऊन ती धरली, भिंतीला टेकवली. अप्पांचे हात आपोआप पुढे आले होते, ते त्यांनी मागे घेतले.

“उद्या जमंल,” चन्नम्मा म्हणाली.

गुरुशांतने पट्टा सोडून मंजुनाथच्या हातात दिला. बाराबंदीचा एकेक बंद सोडला, तिची जुन्या घड्यांवरच घडी घातली आणि ती अप्पांच्या हातावर ठेवली. ओट्यावरचा फोन त्याने उचलला नाही. पायांकडे बघत तो अंगण ओलांडून दाराबाहेर निघून गेला.